बुक्क्याची पेटी कुठून आली

आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पुरी झाली. ग्रंथाची बैठक मारुतीच्या देवळात भरली तेव्हा कुणी जुन्या विणेकऱ्यांवर लिहायचं, कुणी मुक्कामांवर लिहायचं, असं वाटून दिलं. मला मंडळी म्हणाली, "बुवा, तुम्ही बुक्क्याच्या पेटीवर लिहा. ती गोष्ट तुमच्या घरची आणि तुमच्याच तोंडची." मी हो म्हणालो. चौथी शिकलेला माणूस मी. कीर्तनात दोन तास बोलेन, पण चार पानं लिहायची म्हणजे खडकात नांगर घालणं. तरी वाटलं, गोष्ट पाठ आहे, एका रात्रीत लिहून देऊ. आठ महिने लागले. लिहायला बसलो ती गोष्ट एक, आणि हातातून उतरली ती दुसरीच.

ती जशी उतरली तशी सांगतो. कुठं माझी लाज आहे, तीही सांगतो.

आधीची गोष्ट

पेटी तुम्ही सगळ्यांनी बघितलीय. लोणंदला आपण माउलींच्या सोहळ्यात मिळतो तेव्हा विणेकऱ्याच्या मागं दोन नंबरला जी लाकडी पेटी असते, ती. लांबी हातभराला थोडी कमी, उंची वीतभर, रुंदी मात्र मुठीएवढीच. आत बुक्का, गोपीचंदन, वीण्याच्या जादा तारा आणि दोन चिपळ्या. वरून गेरूचा रंग, धरायला नवारीचा पट्टा.

या पेटीची गोष्ट मी बावीस वर्षं कीर्तनात सांगत आलो. माझे आजोबा, म्हणजे आपल्या दिंडीचे पहिले चालक, पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले होते. तिथं कूत नावाच्या गावाला तुर्कांनी वेढा घातला. आत आपली पोरं अडकली. अन्न संपलं, घोडी कापून खायची वेळ आली. त्या वेढ्यातून आजोबा वाचले आणि येताना दारूगोळ्याची रिकामी पेटी घेऊन आले. "ज्या पेटीत मरण भरलं होतं, त्या पेटीत माझ्या आज्यानं पांडुरंगाचा बुक्का भरला," असं मी म्हणायचो, आणि बायाबापड्या पदरानं डोळे पुसायच्या. पेटीच्या झाकणाच्या आत एक खूण आहे, तीन रेघा वर एकत्र आलेल्या. तो वैष्णवांचा टिळा आहे, युद्धातसुद्धा देव पेटीवर बसून होता, हेही मी सांगायचो. लोकांना पटायचं. मलाही पटायचं.

पेटी धुतली

शताब्दीला पेटी नीट करून घ्यावी म्हणून गेल्या कार्तिकात सुताराच्या ओट्यावर नेली. शंभर वर्षांचा म्हणून जो बुक्का आत बसला होता तो काळ्या सिमेंटसारखा घट्ट झालेला. ओल्या फडक्यानं भिजवून, बांबूच्या काडीनं खरवडून काढला. बाहेरचा गेरू खरवडला तर खालून दुसरा रंग निघाला, शेवाळी हिरवा. दोन्ही बाजूंना स्क्रूची जुनी भोकं दिसली. सुतार म्हणाला, "बुवा, हितं आधी चामड्याचा पट्टा हुता. भोकाभवती चामड्याचा डाग हाय बघा." कुणीतरी मागं कधी तरी चामडं नको म्हणून पट्टा काढला आणि नवार लावली.

झाकणाच्या आतली खूणही धुतल्यावर स्पष्ट झाली. तीन रेघा, टोक वर. त्याच्या खाली एक उभी रेघ, वर-खाली बारीक आडव्या काड्या असलेली. आणि त्या खाली आकडे, इंग्रजीत. मला वाचता येतात तेवढे. १९१७.

मी तेव्हा खूश झालो. म्हटलं, पहिल्या महायुद्धाचंच साल आहे, गोष्टीला शिक्का मिळाला. माझा थोरला मुलगा जवळ उभा होता. तो बारावी झालाय आणि त्याला इतिहासाचा नाद. तो हळूच म्हणाला, "आण्णा, कूत कधी पडलं?"

मी म्हणालो, "महायुद्धात."

"साल?"

साल मला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं सांगत होतो आणि साल ठाऊक नव्हतं.

त्यानं पुस्तक आणून वाचून दाखवलं. पुण्याची सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादकडं निघाली, मार खाऊन मागं आली आणि कूतला अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या आपल्या मराठ्यांच्या पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ ला, जवळजवळ पाच महिन्यांनी, उपाशी फौजेनं हत्यार ठेवलं. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांना वाळवंटातून पायी चालवत तुर्कस्तानाकडं नेलं आणि त्यात हजारो वाटेतच मेली.

घोडी खाण्याची गोष्ट खरी निघाली. पण जे कूत १९१६ च्या एप्रिलात पडलं, तिथून १९१७ साली बनलेली पेटी येणार कशी? आणि जी माणसं अंगावरच्या कपड्यानिशी कैदेत गेली, त्यांनी पेट्या आणल्या कुठून? पेरणी आषाढात आणि कापणी आधीच्या वैशाखात, असा हा हिशोब झाला.

आजोबांचं म्हणाल तर ते बसऱ्याला उतरले तेच १९१६ च्या पावसाळ्यात, कूत पडल्यावर. आमच्या आत्याला हे ठाऊक होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा कूतला कवा गेलं? ते म्हणायचं, आम्ही पोचलो तवा समदं आटपलं हुतं." इतकी वर्षं मी तिला विचारलंच नव्हतं.

ही पेटी कशाची

तरी मन सोडत नव्हतं. मी मुलाला म्हणालो, "कूत नसेल तर बगदाद असेल. बगदाद १९१७ च्या मार्चात घेतलं म्हणतोस ना? आजोबा १९१९ ला परत आले. बसतंय." तो काही बोलला नाही. पण त्याच्या ओळखीनं आम्ही पेटी घेऊन शेजारच्या गावच्या एका जुन्या सुभेदारांकडं गेलो. पंच्याऐंशीच्या घरातलं वय. १९६० च्या सुमारास महार रेजिमेंटमध्ये भरती झालेले, ताठ बसणारा माणूस. गेल्या गेल्या मी "रामकृष्ण हरी" म्हणालो, ते "जय भीम बुवा, बसा" म्हणाले.

त्यांनी पेटी मांडीवर घेतली, आत हात घातला, हाताची चार बोटं आडवी धरली आणि हसले. म्हणाले, "ही व्हिकर्सची. व्हिकर्स मशीनगनच्या पट्ट्याची पेटी. ट्रेनिंगला असल्या पेट्या लय उचलल्यात."

मी विचारलं, कशावरून. त्यांनी जे सांगितलं ते आपल्या सगळ्यांना कळावं म्हणून लिहितो.

बंदुकीची सुटी काडतुसं मोठ्या जड खोक्यातून येत. त्या खोक्याला आतून पत्र्याचं अस्तर असे. ब्रेन नावाची बंदूक तीस गोळ्यांच्या वाकड्या डबीवर चालायची, लुईसला वर गोल थाळी असायची. पण व्हिकर्सला लागायचा कापडी पट्टा. जाड विणीचा, आपल्या नवारीसारखा. त्यात शेजारी शेजारी २५० काडतुसं खोचलेली. हा पट्टा पेटीत घडीवर घडी घालून ठेवायचा, बायका लुगडं घडी घालतात तसा. थ्री नॉट थ्रीचं काडतूस साधारण तीन इंच लांब. ते आडवं बसेल एवढीच पेटीची आतली रुंदी. म्हणून पेटी अशी अरुंद. भरली की दहा किलोच्या आसपास वजन.

बंदूक तिवईवर बसवायची. नळीभोवती पाण्याची टाकी, चारेक लिटर पाणी मावणारी, कारण नळी इंजिनासारखी तापते. एका मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या सुटायच्या. म्हणजे घोडा दाबून धरला तर ही आख्खी पेटी अर्ध्या मिनिटात रिकामी. म्हणून एका बंदुकीमागं चार-पाच माणसं असायची. एक चालवणारा, एक पट्टा सरकवणारा, बाकीचे पाणी आणि पेट्या वाहणारे. "पट्ट्याचं कापड भिजलं की फुगतं, मग काडतूस अडकतं आणि बंदूक मुकी होते," सुभेदार म्हणाले. "म्हणून ही पेटी एवढी गच्च बसणारी. पाणी आत जाऊ नये. तुमचा बुक्का पावसात कोरडा राहतो तो त्याच्यामुळं."

मला आपली निरा नदीच्या अलीकडची कितीतरी सालं आठवली. आषाढाच्या सरीत सगळं भिजलेलं आणि बुक्का मात्र कोरडा. आम्ही त्याला चमत्कार म्हणायचो.

मग मी त्यांना टिळा दाखवला. ते म्हणाले, "हा टिळा न्हाई बुवा. ही सरकारी खूण. इंग्रज सरकारच्या मालावर असा बाण असायचा. आम्ही त्याला कोंबड्याचा पाय म्हणायचो. आणि बाणाखाली ही रेघ हाय ती इंग्रजी आय. आय म्हंजी इंडिया. हिंदुस्थान सरकारचा माल." मी मान खाली घातली. बावीस वर्षं कोंबड्याच्या पायाला मी विष्णूचा टिळा म्हणून लोकांना नमस्कार करायला लावला.

ते पुढं म्हणाले, "१९१७ ला बनली म्हणून १९१७ ला घरी आली असं न्हाई. फौजेत चांगली वस्तू तीस-तीस वर्षं फिरती. पहिल्या महायुद्धातल्या पेट्या दुसऱ्यातबी होत्या. रंग बदलत जायचा." मग थोडं थांबून त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या गावचं आमचं कोण होतं का? मशीनगनमध्ये?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी आत जाऊन आपल्या टोपीचा बिल्ला आणला. त्याच्यावर दोन व्हिकर्स मशीनगनी एकमेकींवर आडव्या घातलेल्या.

त्यांनी सांगितलेली हकिगत थोडक्यात अशी. पेशवाईनंतर मुंबईच्या फौजेत महार समाजाचे पुष्कळ शिपाई होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजांनी ही भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ नंबरची महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी मागणी लावून धरली आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. फाळणीच्या आगीत या पलटणींनी पंजाबात निर्वासितांचे जथे राखले. १९६३ नंतर ती पुन्हा पायदळ झाली, पण बिल्ल्यावरच्या दोन मशीनगनी तशाच राहिल्या.

परत येताना गाडीत मुलगा गप्प आणि मी गप्प.

वही बोलली

आपल्या दिंडीची पहिली वही पाटलांच्या माडीवर लाल फडक्यात बांधलेली आहे, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. ती कुणी वाचत नाही, कारण ती मोडीत आहे. तेव्हाचे कुलकर्णी मोडीत लिहायचे, त्यांच्यानंतर गावात मोडी वाचणारा राहिला नाही. दर गुरुपौर्णिमेला आपण तिला हळदकुंकू वाहतो आणि परत बांधून ठेवतो. पूजा केली, वाचली नाही.

तालुक्याच्या गावी एक निवृत्त मास्तर मोडी वाचतात. पाटील घराण्याच्या परवानगीनं वही त्यांच्याकडं नेली. कसरीनं कडा खाल्ल्यात, पण मजकूर शाबूत. मास्तर बोट ठेवून वाचत गेले आणि मुलगा लिहून घेत गेला. तांदूळ, गूळ, बैलगाडीचं भाडं, कंदिलाचं तेल. दोन दिवस असाच जमाखर्च चालला. तिसऱ्या दिवशी शके १८७१ चा आषाढ आला, म्हणजे १९४९ साल. जमेच्या बाजूला एक ओळ होती. बुकियाची पेटी लाकडी एक. पुढं देणाऱ्याचं नाव, त्याच्यापुढं "फौजी", त्याच्यापुढं "महारवाडा". आणि शेवटी तीन शब्द. चालकांनी स्वहस्ते घेतली.

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. मी तिसऱ्यांदा वाचायला लावली.

नाव इथं छापत नाही. घरच्यांनी तशी विनंती केली आहे, कारण पुढं सांगतो. पण गावात ते नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे.

आक्का

त्या फौजींची मुलगी आपल्याच गावात आहे, आजच्या बौद्धवाड्यात. वय ब्याऐंशी. आम्ही सगळे तिला आक्काच म्हणतो. माझं सगळं आयुष्य या गावात गेलं, तिच्या घराच्या ओट्यावर मी कधी बसलो नव्हतो. हे लिहायला हात जड होतो, पण खरं आहे.

मी पेटी बरोबर नेली नव्हती. मुद्दामच. म्हटलं, आधी बोलू. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली खाटेवर आक्का. मी विचारलं, "आक्का, तुमच्या वडलांनी दिंडीला काही दिलं होतं का?"

ती चटकन म्हणाली, "पेटी. बुक्क्याची. तुमी ती अजून वागवताय की." जसं काही काल सांगितलेलं.

"तुम्हाला आठवतेय?"

"तवा मी सा-सात वर्सांची आसंन. बापानं ती फौजेतनं आणली. मोडकं सामान लिलावात काढलं हुतं, त्यातनं काय आण्याला घेतली म्हणायचा. आमच्या घरात ती बाजरीच्या पिठाला हुती. एकदा चिमणी कलंडली आन् झाकान आतनं जळालं. आयनं मला लय मारलं."

मी घरी येऊन झाकण उलटं करून बघितलं. बिजागरीच्या जवळ, बुक्क्याच्या थराखाली, रुपयाएवढा जळका डाग. त्या डागावर बुक्का इतका बसला होता की धुतानाही आमच्या लक्षात आला नव्हता. तो डाग वहीत लिहिलेला नाही. तो फक्त ज्या घरात पडला त्याच घराला ठाऊक असणार.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन परत गेलो. आक्कानं झाकणावरून हात फिरवला आणि बाकीचं सांगितलं. तिचे वडील १९४२ ला बेळगावला भरती झाले, १९४९ ला घरी आले. त्याच्या दोन वर्षं आधी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडं झालं. त्याआधी त्यांच्या लोकांची वारी महाद्वारात, चोखोबांच्या समाधीपाशी संपायची. फौजी म्हणाले, देऊळ उघडलंय म्हणतात, जाऊन बघू. आपल्या दिंडीत त्यांची माणसं मागं, अंतर ठेवून चालत. पंगत वेगळी बसे. ही आपल्याच दिंडीची रीत होती, दुसऱ्या कुणाची नाही. तसेच मागं चालत ते पेटी डोक्यावर घेऊन पंढरपूरला गेले, आत जाऊन पायावर डोकं ठेवून आले, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात पेटी दिंडीला दिली.

"तुमचा आजा फुडं झाला," आक्का म्हणाली. "बाप सांगायचा, दोगंबी फौजी. त्यानं पेटी खाली ठेवायला सांगितली न्हाई. हातातनं हातात घेतली. त्या साली चौघांनी बुक्का लावून घेतला न्हाई म्हनं. तुमच्या आज्यानं त्यांना काय म्हटलं न्हाई. आपल्या कपाळाला लावला आन् चालाय लागला."

मला वहीतले तीन शब्द आठवले. कुलकर्ण्यांनी ते उगीच लिहिले नव्हते.

१९५६ च्या ऑक्टोबरात आक्काचे वडील नागपूरला गेले आणि बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेऊन आले. त्यानंतर ते वारीला आले नाहीत. पेटी त्यांनी कधी परत मागितली नाही. दोन वर्षांनी माझे आजोबा वारले. ज्यानं दिली तो दिंडीत नाही, ज्यानं घेतली तो जगात नाही, वही मोडीत. पेटी तेवढी राहिली. ती फौजेतली आहे एवढं लोकांना आठवत होतं, आणि दिंडीत फौजी म्हटलं की माझ्या आजोबांचंच नाव होतं. मग पेटी त्यांची झाली, मग बसऱ्याची झाली, मग माझ्या तोंडी कूतची झाली. कूत मीच जोडलं. कीर्तनात रंग भरायला.

आपल्या चावडीच्या भिंतीत इंग्रज सरकारनं लावलेली संगमरवरी पाटी आहे. या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली, इतकी मेली, असे आकडे आहेत. नाव एकही नाही. लहानपणापासून मी त्या पाटीवर चिडायचो, की माणसं घेतली आणि नावं लिहिली नाहीत. आता कळतंय की सरकारनं केलं तेच आपण केलं. खोटं कुणी ठरवून बोललं नाही. पण ज्याचं नाव घ्यायला जीभ अडखळते, त्याचं नाव आधी गळतं.

आजोबांचं काय

मंडळी मला विचारतात, "बुवा, मग तुमच्या आजोबांनी काय आणलं?" त्याचंही उत्तर वहीतच सापडलं. अगदी पहिल्या पानावर, शके १८४७. चांदीचा बिल्ला एक मोडला, मृदंग एक घेतला. महायुद्धातल्या शिपायांना जे पदक मिळालं ते चांदीचं होतं, एका बाजूला पंचम जॉर्जचं तोंड. आजोबांनी ते मोडून दिंडीला पहिला मृदंग घेतला. त्यांनी हे घरात कुणाला सांगितलं नाही, आत्यालासुद्धा नाही. मी बावीस वर्षं त्यांना दुसऱ्याची वस्तू देत होतो, आणि त्यांची स्वतःची मला ठाऊक नव्हती.

शेवट

बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा काही जण म्हणाले, "बुवा, शंभर वर्षांच्या ग्रंथात हे कशाला? कूतची गोष्ट चांगली आहे, लोकांना आवडते. कुणाचं काय बिघडतंय?" पेटीच्या फोटोखालचा मजकूरही तयार होता. मी म्हणालो, माझंच बिघडतंय. मी गळ्यात माळ घालून, नारदाच्या गादीवर उभा राहून ही गोष्ट सांगितलीय. सांगितली मी, तर दुरुस्तही मीच करणार. शेवटी पाटील उठले आणि म्हणाले, "वहीत आहे ते छापा." मग कुणी बोललं नाही. मजकूर बदलला.

पेटीवर पितळी पट्टीवर नाव कोरायचं असं समितीनं ठरवलं होतं. आक्काला विचारायला गेलो. ती नको म्हणाली. "आमी आता त्या वाटंला न्हाई बुवा. बापानंच सोडली, आमी धरणार न्हाई. नाव कोरू नका, छापू नका. त्यो तुमच्या देवाचा झाला असं हुईल. पर कुणाची हाय ते तोंडानं सांगत जा."

तेव्हा असं ठरलं आहे. यंदापासून आषाढात दिंडी निघताना, मारुतीच्या देवळापुढं, विणेकऱ्यानं बुक्क्याची पेटी उघडायच्या आधी ती कुणी दिली, कुणी घेतली आणि कशी घेतली, हे नावानिशी सांगायचं. मग बुक्का लावायचा. रंग पुन्हा गेरूचा दिलेला नाही, खालचा हिरवाच ठेवला आहे. जळका डाग तसाच आहे. पट्टा नवारीचाच राहू दे म्हणून आक्कानं सांगितलं, चामड्याचा हाताला लागतो.

वाचणाऱ्या सगळ्या माउलींना एकच विनंती. तुमच्या दिंडीत, देवळात, घरात जुनी वही असेल तर नुसती पूजा करू नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, ती आहेत तोवर वाचून घ्या. आणि गावात ऐंशीच्या पुढची जी माणसं आहेत, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. ज्या ओट्यावर कधी बसला नसाल, तिथं आधी जा.

बावीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून कूतची गोष्ट ऐकली, त्या सर्वांची मी हात जोडून क्षमा मागतो.

रामकृष्ण हरी.